शेकडा दोन आणि शेकडा अठ्ठ्याण्णव

आषाढ सरून श्रावण लागला की मध्यम स्थितीतील पुष्कळ घरी कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागतात. पूर्वी ते जाड पाकिटांतून टपालाने येत. हल्ली ते बहुधा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उघडतात, एवढाच काय तो फरक. वडिलांच्या वेळचे चार भाग, आजींच्या नावावरचे दोन, मुलाने नोकरी लागल्यावर घेतलेले काही, असा तो एकत्र कुटुंबाचा ठेवा असतो. लाभांशाचा आकडा पाहून झाला की नजर रंगीत पानांकडे वळते. कोठे शाळेच्या ओट्यावर बसलेली मुले, कोठे नवा बंधारा, कोठे फिरता दवाखाना. आपल्या पैशाचा काही अंश अशा कामी लागला हे पाहून घरातील मंडळींस समाधान वाटते, आणि ते वाटण्यात गैर काही नाही. तथापि या समाधानापाशीच आपण थांबावे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ही रंगीत पाने केवळ कंपन्यांच्या औदार्याने आलेली नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकी निदान शेकडा दोन इतकी रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे हे कलम सांगते. कंपनी जेथे चालते त्या टापूस प्राधान्य द्यावे, असाही त्यात निर्देश आहे. २०२१ पासून हा नियम अधिक कडक झाला असून न खर्चिलेली रक्कम ठरलेल्या निधीत अगर निराळ्या खात्यात भरावी लागते. कायदा चांगला आहे. त्याच्यामुळे अनेक खेड्यांत पाणी आले, शाळांस छपरे झाली, हे आम्ही आनंदाने मान्य करितो.

परंतु कायद्याची दृष्टी शेकडा दोनांवर आहे. ज्या व्यवहारातून पुरे शंभर मिळाले तो कोणत्या रीतीने झाला, मजुरास काय पोचले, माल खाणाऱ्याच्या पोटात काय गेले, जमिनीतील पाणी किती उपसले, या गोष्टी त्या दोनांत येत नाहीत. त्या उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या पोटात दडलेल्या असतात. आमच्या मते कंपनीची खरी परीक्षा तेथेच होते. हा विचार पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या खानदेशातीलच दोनतीन उदाहरणे घेऊ.

बोरी नदीच्या काठचे अंमळनेर हे सखाराम महाराजांच्या वाडीमुळे वारकऱ्यांस, आणि सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे व्यापाऱ्यांस पूर्वीपासून परिचित. कापसाच्या या मुलखात विसाव्या शतकाच्या आरंभी मोतीलाल माणेकचंद ऊर्फ श्रीमंत प्रताप शेठ यांची कापडगिरणी उभी राहिली. धुळ्यासही न्यू प्रताप मिल निघाली. गिरणीच्या मिळकतीतून शेठजींनी जे केले ते आजही विस्मयकारक वाटते. १९१६ साली त्यांच्या द्रव्याने अंमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. गिरणीचा मालक धर्मशाळा बांधतो, पाणपोई घालतो, हे लोकांच्या ओळखीचे होते. पण वेदान्ताच्या स्वतंत्र अभ्यासासाठी विद्वानांस वेतन देऊन आणून बसवावे, ही कल्पनाच नवी. घनश्यामदास रतनमल मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांसारखे पंडित तेथे राहून लिहिते झाले, आणि तालुक्याच्या गावाचे नाव देशोदेशीच्या तत्त्वज्ञांस ठाऊक झाले. शेठजींच्या नावाचे हायस्कूल व पुढे १९४५ साली निघालेले महाविद्यालय यांनी तर खानदेशातील कित्येक पिढ्या शिकविल्या.

त्याच प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने हे शिक्षक होते. तत्त्वज्ञान मंदिरातही त्यांनी काही काळ अध्ययन केले होते. १९३० च्या सत्याग्रहात त्यांनी नोकरी सोडली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने झाली, ती शब्दशः उतरून घेणारे हेच साने गुरुजी. पुढे ते खानदेशातील शेतकरी व गिरणी-कामगार यांच्या बाजूने उभे राहिले, ही गोष्ट सर्वांस विदित आहे. येथे वाचकांनी क्षणभर थांबून विचार करावा. ज्या उद्योगाच्या द्रव्यावर शाळा व तत्त्वज्ञान मंदिर चालत होते, त्याच द्रव्याच्या छायेत वाढलेल्या शिक्षकास कामगाराच्या मजुरीचा प्रश्न सुटला आहे असे वाटले नाही. यात कृतघ्नता होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. दानाचे खाते निराळे आणि मजुरीचे खाते निराळे. एकातील जमा दुसऱ्यातील नावे रकमेस लावता येत नाही, एवढे त्यांनी ओळखले होते. शेठजींचे दान थोर होते, आणि कामगाराचे मागणेही खरे होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे समजणे हीच या विषयातील पहिली पायरी होय.

कालांतराने धुळे व चाळीसगाव येथील गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, अंमळनेरची गिरणीही थांबली, आणि भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या वस्त्या शांत झाल्या. शाळा-महाविद्यालये मात्र राहिली. यावरून कोणी म्हणेल, की पाहा, शेवटी दानच टिकले. ते खरे आहे. पण गिरणी थांबल्यावर ज्या घरची चूल थंडावली त्या घरास महाविद्यालयाच्या इमारतीने त्या दिवशी धान्य दिले नाही, हेही तितकेच खरे आहे.

याच अंमळनेरात दुसरी एक कहाणी घडली, आणि ती आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचते. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाची कंपनी स्थापिली. आसपास भुईमूग मुबलक. त्याच्या तेलापासून वनस्पती तूप करावयाचे, हा धंदा. पुढे याच नावाच्या आद्याक्षरांचे 'विप्रो' झाले आणि संगणकाच्या क्षेत्रात जगभर गाजले. १९६६ साली वडील वारल्यावर एकवीस वर्षांच्या अझीम प्रेमजींनी अमेरिकेतील शिक्षण सोडून कारभार हाती घेतला, हे पुष्कळांस माहीत आहे. अंमळनेरच्या कितीतरी घरांनी या कंपनीचे भाग आरंभी घेतले, ते न विकता पुढील पिढीकडे दिले, आणि बोनस भागांनी ते वाढत जाऊन त्या घरांचे दैव पालटले, हेही प्रसिद्ध आहे.

पण ज्या काळी ही कंपनी निघाली त्या काळी वनस्पती तुपावरून देशात मोठे वादळ चालू होते. १९३७ साली 'डालडा' बाजारात आला आणि थोड्याच वर्षांत वनस्पती तुपाचे ते सामान्यनामच होऊन बसले. स्वस्त, टिकाऊ आणि दिसावयास साजूक तुपासारखे. नेमक्या या शेवटच्या गुणातच घोटाळा होता. व्यापारी ते खऱ्या तुपात बेमालूम मिसळीत, आणि गिऱ्हाईक फसे. १९४६ साली महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये याविरुद्ध कडक लिहिले. वनस्पतीस रंग द्यावा, म्हणजे भेसळ डोळ्यांस दिसेल, अशी मागणी झाली. परंतु उष्णतेस टिकणारा, निरुपद्रवी आणि सहज काढून टाकता न येणारा रंग काही केल्या सापडेना. १९५० च्या सुमारास पंडित ठाकूरदास भार्गव यांनी हा धंदाच बंद करण्याचे विधेयक संसदेत मांडले. ते संमत झाले नाही. प्रयोगशाळांनी वनस्पती अपायकारक नसल्याचा निर्वाळा दिला होता, आणि गरिबास साजूक तूप परवडत नाही, हा युक्तिवादही खोटा नव्हता.

यातून जी वाट निघाली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक वनस्पती तुपात शेकडा पाच तिळाचे तेल मिसळलेच पाहिजे, असा नियम झाला. तिळाच्या तेलाची रासायनिक परीक्षा केली असता गुलाबी-तांबडा रंग उमटतो. म्हणून तुपात वनस्पती मिसळली असल्यास ती प्रयोगशाळेत तत्काळ उघडी पडते. साजूक तुपातील जीवनसत्त्व 'अ' त्यात नसते, म्हणून तेही बाहेरून घालणे सक्तीचे केले गेले. येथे शाळेस देणगी देऊन प्रश्न मिटविला गेला नाही. ज्या डब्यात दोष होता त्याच डब्यात उपाय घातला गेला. अर्थात तो कायद्याच्या बळाने घालावा लागला, हेही नमूद केले पाहिजे. अंमळनेरच्या कारखान्यावर आम्ही कसलाही ठपका ठेवीत नाही; प्रश्न साऱ्या धंद्याचा होता.

कथा येथेच संपती तर बरे होते. १९९० साली मेन्सिंक व काटान या डच शास्त्रज्ञांनी दाखविले, की तेलाचे अर्धवट घनीकरण करिताना जी ट्रान्स-मेदाम्ले तयार होतात ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटवितात. म्हणजे ज्या पदार्थास एका पिढीच्या विज्ञानाने निर्दोष ठरविले, त्यात पुढच्या पिढीस हृदयरोगाचे कारण सापडले. डेन्मार्कने २००३ साली यावर कडक मर्यादा घातली. आपल्याकडे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत २०२१ साली शेकडा तीन आणि १ जानेवारी २०२२ पासून शेकडा दोन झाली. मध्यंतरी तीस वर्षे गेली. या तीस वर्षांत लग्नामुंजींच्या किती बुंदी, किती करंज्या आणि किती शंकरपाळे त्या तुपात तळले गेले, याचा हिशेब कोण करणार? 'आम्ही कायद्याबाहेर काही केले नाही' हे कारखानदाराचे उत्तर खरेच होते. ते पुरेसे मात्र नव्हते. आपल्या मालाविषयी नवे ज्ञान पुढे आले की कायद्याची वाट न पाहता त्याकडे लक्ष देणे, हे त्या अठ्ठ्याण्णवांतील कर्तव्य होय. आणि स्वस्त म्हणून तो डबा घरी आणणारे आपणही त्या व्यवहारात भागीदार होतो, हे विसरून चालणार नाही.

अझीम प्रेमजींनी पुढे आपल्या मालकीचे भाग शिक्षणकार्यास वाहिले. त्यांच्या नावाची संस्था शतकाच्या आरंभी सुरू झाली, आणि २०१९ पर्यंत त्यांनी दिलेल्या मालमत्तेची किंमत सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपये झाली. हे दान कंपनीच्या तिजोरीतून झालेले नाही, स्वतःच्या वाट्यातून झाले आहे. म्हणूनच त्यास खरे दान म्हणावे. दोहोंतील हा भेद वाचकांनी नीट ध्यानी धरावा.

आता जळगावाकडे वळू. येथे कंपनीचा धंदा आणि समाजाची गरज ही एकाच ठिकाणी भेटलेली दिसतात. जामनेर तालुक्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेले भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांवर रॉकेलचा व्यापार सुरू केला. १९७८ साली केळीच्या भुकटीचा एक बंद कारखाना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास प्रारंभ केला. १९८० पासून नळ, आणि पुढे ठिबक सिंचन. ऊतिसंवर्धनाने वाढविलेली केळीची रोपेही त्यांनी शेतकऱ्यांस दिली. पाटाने पाणी सोडणाऱ्या शेतकऱ्यास थेंबाथेंबाने पाणी द्यावयास शिकविणे, हे समाजकार्य म्हणावे की धंदा? येथे दोन्ही एकच आहे. नळी विकली जाते तेव्हाच पाणीही वाचते. २०१२ साली जळगावास उघडलेले गांधी तीर्थ प्रेक्षणीय आहे खरे, पण आमच्या मते भवरलालजींचे खरे समाजकार्य शिरसोलीच्या रस्त्यावरील त्या टेकडीवर पाहण्यापेक्षा केळीच्या बागेतील काळ्या नळीत पाहावे.

असे असूनही तेथे द्वंद्व संपले नाही. एक तर, वाचलेले पाणी जमिनीत राहतेच असे नाही. पाणी वाचले की शेतकरी आणखी दोन बिघे केळी लावतो. आणि केळी हे पाण्याचे पीक. रावेर व यावल या केळीच्या तालुक्यांत भूजलाची स्थिती चिंताजनक असल्याचे शासकीय अहवाल सांगत आले आहेत. यास नळी करणाऱ्या कंपनीस दोष देणे न्याय्य नव्हे, परंतु 'आम्ही पाणी वाचवितो' हे वाक्य शेताच्या बांधापर्यंत खरे असून तालुक्याच्या पातळीवर अपुरे ठरते, एवढे मात्र म्हणावे लागते. दुसरे असे, की ठिबक सिंचनाचा व्यापार सरकारी अनुदानावर पुष्कळसा अवलंबून. माल आज द्यावयाचा आणि अनुदानाचा पैसा कधी येईल ते सांगता येत नाही. येणी तुंबतात, कर्ज वाढते. या व इतर कारणांनी २०१९ साली जैन इरिगेशन ही कंपनी कर्जाच्या अडचणीत सापडली. बँकांशी तडजोड होऊन पुनर्रचना पुरी व्हावयास २०२२ उजाडले, आणि २०२३ साली परदेशातील सिंचनाचा व्यवसाय दुसऱ्या कंपनीत विलीन करावा लागला. हेतू कितीही चांगला असला तरी वहीखात्यास त्याची सवलत मिळत नाही. कंपनी अडचणीत आली की तिच्यावर विसंबलेला कामगार, विक्रेता व शेतकरी हे तिघेही अडचणीत येतात. म्हणून हिशेब चोख राखणे हेही समाजकार्यच आहे.

या सर्व विचारास एक जुना आक्षेप आहे, आणि तो पोकळ नाही. १९७० साली मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने लिहिले, की नियमांच्या मर्यादेत राहून नफा वाढविणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. भागधारकांचा पैसा संचालकांनी आपल्या आवडीच्या सत्कार्यावर उधळू नये. दानाविषयी हे म्हणणे बरेचसे पटण्याजोगे आहे. आमच्या आजींच्या नावावरील दोन भागांचा लाभांश कोणत्या देवळास द्यावयाचा, हे आजींनी ठरवावे, संचालकांनी नव्हे! पण अठ्ठ्याण्णवांविषयी हा आक्षेप लागू पडत नाही. कारण कायदा नेहमी मागून येतो. हिंदुस्थानातील कापडगिरण्यांत प्रौढ पुरुषाकडून दिवसाला बारा तास काम घेण्यास १९११ च्या कायद्याची मुभा होती. त्यानंतर एकाच वर्षाने, १९१२ साली, टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू झाला. १९४८ च्या कारखाना कायद्यानेसुद्धा दिवसाची मर्यादा नऊ तासांवरच आणली. टाटांनी तेव्हा कायदा मोडला नाही आणि दानही केले नाही. धंदा करण्याची रीतच बदलली, आणि कारखाना त्यामुळे बुडाला नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. आपल्या वाचकांच्या घरी एक जण कंपनीत नोकरीस असतो, एकाच्या नावे भाग असतात, आणि माल तर सर्वच घेतात. एकाच माजघरात कामगार, मालक व गिऱ्हाईक हे तिघेही एकत्र जेवतात! तेव्हा कंपन्यांचा प्रश्न मुंबईच्या संचालक मंडळाचा, आपला नव्हे, असे म्हणता येणार नाही. अहवाल उघडावा तेव्हा रंगीत पानांआधी तीन गोष्टी पाहाव्या. कायम नोकर किती आणि ठेकेदाराचे किती. लहान पुरवठादारांची देणी वेळेवर दिली की नाहीत. आणि कारखान्याने पाणी किती घेतले व सांडपाण्याचे काय केले. मोठ्या कंपन्यांस ही माहिती अहवालात आता द्यावी लागते; ती वाचणारे मात्र थोडे. वार्षिक सभेत भागधारकास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि हल्ली घरबसल्याही पुष्कळ सभांस हजर राहता येते. घरातील तरुण मुलामुलींनी आजींच्या वतीने एखादा प्रश्न लिहून पाठवावा. दोन भागांचा धनी असला तरी त्याचा प्रश्न लेखी आला की उत्तराची तयारी करावी लागते.

आणखी एक लहानसा हिशेब घरचाच. दिवाळीस आपण कामाच्या बाईस साडी देतो, मिठाईचा पुडा देतो, ते उत्तमच. पण तिच्या मुलास ताप आला म्हणून चार दिवस खाडा झाला तर ते चार दिवस पगारातून कापतो की नाही? तिला वर्षातून ठरलेली पगारी रजा आहे की नाही? साडी हे आपले शेकडा दोन. खाड्याचे चार दिवस हे आपले अठ्ठ्याण्णव. जो प्रश्न आपण कंपनीस विचारू इच्छितो तो प्रथम स्वयंपाकघरात विचारला, तर त्याचे उत्तर किती अवघड आहे आणि तरीही ते किती शक्य आहे, हे दोन्ही ध्यानात येईल. या महिन्याचा पगार हातावर ठेवण्यापूर्वी घरातील वडील मंडळींनी एवढा विचार अवश्य करावा, अशी आमची विनंती आहे.